माशाचे हिरवे वाटण

कोकणपट्टीत माशाचे वाटण ढोबळमानाने दोन रंगांचे असते. लाल वाटणाला सुक्या मिरच्या, धणे, हळद, कधी भाजलेले सुके खोबरे लागते. त्याचा बहुतेक ऐवज डब्यांत भरून ठेवलेला असतो, म्हणून ते वर्षभर जवळपास सारखेच उतरते. हिरव्या वाटणाचे तसे नाही. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, आले, लसूण, ओला नारळ हे सगळे ताजे लागते आणि त्यातली पाने तर खुडल्या क्षणापासून उतरणीला लागलेली असतात. त्यामुळे हे वाटण कसे होणार ते चुलीपाशी ठरण्याआधी मंडईतच बरेचसे ठरून जाते. मसाल्यांची प्रमाणे तंतोतंत पाळूनही एखाद्या दिवशी ते फिके लागते आणि कशाचेही माप न घेता कधी अप्रतिम जमते, याचे कारण बहुधा पानांत सापडते.

या वाटणाची घराणी बरीच आहेत. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी अख्ख्या पापलेटाला पोटाकडून चीर देऊन त्यात खोबरे-कोथिंबिरीची हिरवी चटणी भरतात. आगरी-कोळ्यांच्या हिरव्या वाटणात लसूण आणि मिरची पुढे असतात, नारळ बेताचा किंवा मुळीच नसतो. भुजण्यात तर वाटण वाटतही नाहीत. बारीक चिरलेला कांदा, भरपूर कोथिंबीर, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या, हळद, मीठ आणि तेल माशाला हाताने चोळून सगळे एकदमच पातेल्यात घालतात आणि न ढवळता मंद आचेवर शिजवतात. पारशी लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानात गुंडाळलेली पात्रानी मच्छी असते. तिच्या चटणीत कोथिंबीर, नारळ, मिरची, लसूण, जिरे यांच्यासोबत आंबटगोड चव आणायला लिंबू किंवा व्हिनेगर आणि साखर घालतात. गोव्यातले काफ्रेयाल पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आले. ते प्रामुख्याने कोंबडीचे असले तरी त्याचाही मसाला कोथिंबीर, हिरवी मिरची, आले-लसूण यांचाच. मिरची मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज सोळाव्या शतकात ती इकडे घेऊन आले, तेव्हा आजच्या चवीचे हे वाटण त्यानंतरचेच म्हणायला हवे.

या सगळ्यांत समाईक आणि मुख्य घटक कोथिंबीर. तिच्या पानाचा वास आल्डिहाइड गटातल्या संयुगांमुळे येतो आणि त्याच झाडाच्या बीचा, म्हणजे धण्याचा वास मुख्यतः लिनालूल नावाच्या वेगळ्याच संयुगामुळे. म्हणून कोथिंबीर कमी पडली तर धणेपूड वाढवून काम भागत नाही. दोन्ही एका झाडाचे असले तरी स्वयंपाकघरात ते दोन स्वतंत्र पदार्थ आहेत. काही माणसांना कोथिंबिरीत साबणाचा वास येतो. तो नुसता नावडीचा भाग नसतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या अनुभवाचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाजवळच्या फरकाशी दिसून आला. साबणातही त्याच जातीची आल्डिहाइडे असतात. पान ठेचले की त्यातलीच विकरे या आल्डिहाइडांचे हळूहळू विघटन करतात, त्यामुळे कोथिंबीर न सोसणाऱ्या माणसाला वाटलेली चटणी पुष्कळदा चालून जाते. हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली की वाटणाचा एक मोठा नियम हाती लागतो. पाने वाटली की त्या क्षणापासून सुगंध कमी होऊ लागतो. सकाळी वाटून ठेवलेले वाटण रात्री वापरले तर रंग कदाचित टिकलेला असेल, वास निम्मा गेलेला असतो.

पुदिन्याचा तोरा वेगळा. आपल्या बाजारातला स्वयंपाकाचा पुदिना कार्व्होन या द्रव्यामुळे गोडसर-थंड वासाचा असतो आणि तो माशापुढे पटकन पुढे येतो. अर्धा किलो माशाला दहा-बारा पाने पुरतात. कोथिंबिरीइतकाच पुदिना घातलेले वाटण सामोशाबरोबर छान लागेल, पण पापलेटाची नाजूक गोडी त्याखाली दबून जाते. बऱ्याच कोळी घरांत माशाच्या वाटणात पुदिना घालतच नाहीत, आणि चवीच्या दृष्टीने त्यांचे बरोबर आहे असेच म्हणावे लागते.

थंडीच्या दिवसांत या दोघांच्या जोडीला लसणाची पात मिळते. हिरव्या पातीसकट कोवळा लसूण वाटला तर लसणाचा उग्रपणा येत नाही आणि रंगही गडद होतो. कढीपत्त्याची चार पाने, ओल्या हळदीचे पेर, हळदीचे पान या गोष्टी ठिकठिकाणी वापरल्या जातात. हळदीच्या पानात बांगडा गुंडाळून भाजण्याची रीत दक्षिण कोकणात आणि गोव्यात आहे. तिथे ते पान नुसते वेष्टन नसते. उष्णतेने त्याचा वास माशात उतरतो आणि तेलकट माशाचा जडपणा मोडतो.

तिरफळाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण कोकणाबाहेरच्या मराठी वाचकाची त्याची ओळख पुष्कळदा नसते. तिरफळाचे झाड सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणातल्या बागांच्या कडेला वाढते, त्याच्या बुंध्यावर जाड काटे असतात. पावसाच्या दिवसांत हिरव्या फळांचे घोस येतात. फळ वाळले की त्याचे तोंड उकलते. आतले चकचकीत काळे बी टाकून द्यायचे आणि कवच ठेवायचे. बी राहून गेले तर दाताखाली खडा आल्यासारखे होते आणि चवही बिघडते. चीनच्या सिचुआन प्रांतातली प्रसिद्ध मिरी याच वंशातली. दोन्हींचा गुण एकच, जिभेवर आणि ओठांवर बारीक झिणझिण्या आणणे. तिरफळातला लिंबाच्या सालीसारखा वास बांगडा आणि तारली या तेलकट माशांशी असा जुळतो की मालवणी घरात तिरफळाशिवाय बांगड्याची आमटी पुरी झाली असे कुणी मानत नाही. मात्र ते कोथिंबिरीबरोबर बारीक वाटायचे नसते. पाच-सहा तिरफळे थोड्या पाण्यात किंचित ठेचायची आणि शिजण्याच्या शेवटी पाण्यासकट कालवणात सोडायची. वाटली तर कडूपणा उतरतो. पांढऱ्या, नाजूक चवीच्या पापलेटाला तिरफळ लागत नाही.

आता ताजी पाने शोधण्याकडे. कोथिंबिरीला थंडी मानवते. उन्हाळ्याच्या तापात तिला लवकर फुलोरा येतो, पावसाळ्यात ती शेतातच सडते. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा सुगीचा काळ, तर जून ते सप्टेंबर भाव चढे आणि माल मऊ. योगायोगाने समुद्राचेही वेळापत्रक याला धरून आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात आणि थंडीत मासळीची आवक चांगली असते. हिरव्या वाटणासाठी याच महिन्यांत पान आणि मासा दोन्ही उत्तम मिळतात. पावसाळ्यात खाडीचे किंवा चढणीचे मासे आणले तर लाल वाटणच करावे, ते जास्त भरवशाचे.

मुंबईला पालेभाज्या मुख्यतः नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतून येतात. रात्रीतून गाड्या वाशीच्या बाजारात आणि दादरला पोचतात आणि पहाटे माल फुटतो. तिथली जुडी सकाळी आठपर्यंत गल्लीतल्या भाजीवाल्याकडे येते. दुपारनंतर तीच जुडी पाणी मारमारून टवटवीत ठेवलेली असते. हे पाणीच पानाचा शत्रू. वरून हिरवीगार दिसणारी जुडी सुतळी सोडून उघडली की मधली पाने काळी, बुळबुळीत झालेली सापडतात. म्हणून जुडी घेताना बाहेरच्या पानांपेक्षा बांधलेल्या जागी बोट घालून पाहावे. आत ऊब लागली किंवा ओलसर चिकटपणा जाणवला तर ती सोडून द्यावी. देठ वाकवल्यावर कट्कन मोडला पाहिजे. मुळे असतील तर ती पांढरट आणि ओलसर हवीत. वरची पाने बडीशेपेच्या पानासारखी बारीक चिरलेली दिसू लागली असतील तर रोप फुलावर आलेले असते. त्याचे देठ दोरीसारखे होतात आणि वाटणात चोथा राहतो.

बाजारात साधारण दोन प्रकारची कोथिंबीर दिसते. एक उंच, रुंद पानांची, फिकट देठांची. दुसरी बुटकी, लहान पानांची, बुंध्याशी लालसर झाक असलेली, जिला विक्रेते गावठी म्हणतात. पोह्यांवर पेरायला पहिली देखणी, पण वाटणाला दुसरी घ्यावी. एक पान अंगठा आणि तर्जनीत चुरडून नाकाशी धरले की दोघींतला फरक लगेच कळतो. पुदिना घेताना पानांवर काळे ठिपके नकोत आणि देठ जांभळे-लाकडी झालेले नकोत. हिरव्या मिरचीत लवंगी तिखट आणि गडद हिरवी, तर पोपटी लांब मिरची सौम्य असते. थोडी पोपटी आणि एक-दोन लवंगी असे मिश्रण केले तर तिखटपणा जास्त न होता मिरचीचा स्वाद मिळतो.

खिडकीतल्या कुंडीत कोथिंबीर आणि पुदिना दोन्ही सहज होतात. वाण्याकडच्या धण्याच्या प्रत्येक गोट्यात दोन बिया चिकटलेल्या असतात. ते लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे आणि बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल पेरायचे. आठ-दहा दिवसांत कोंब येतात, पाच-सहा आठवड्यांत पाने खुडता येतात. कोथिंबिरीचे सोटमूळ हलवलेले सोसत नाही, म्हणून रोपे करून दुसरीकडे लावू नयेत, जिथे वाढवायची तिथेच पेरावी. दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरली की खंड पडत नाही. पुदिन्याला बीही लागत नाही. बाजारातल्या जुडीतली चार जाड देठे निवडून खालची पाने काढायची आणि पेल्यातल्या पाण्यात ठेवायची, आठवड्याभरात मुळे फुटतात. मग त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी, कारण जमिनीखालून पसरत तो शेजाऱ्याची जागा घेतो.

परदेशातल्या मराठी घरांनाही कोथिंबिरीची अडचण फारशी पडत नाही. अमेरिकेत मेक्सिकन आणि आशियाई दुकानांत, ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई आणि तुर्की दुकानांत ती जुडीने मिळते, आणि मोठ्या दुकानांतल्या प्लॅस्टिकच्या डबीतल्या पानांपेक्षा ती जास्त ताजी असते. घोटाळा होतो तो चपट्या पानांच्या पार्स्लीशी. दिसायला ती हुबेहूब, वासाला मात्र अगदी निराळी. पान चुरडून पाहणे हाच तिथेही उपाय.

जुडी घरी आल्यावर ती लगेच धुऊ नये. ओली पाने फ्रीजमध्ये दोन दिवसांत सडतात. मुळे असतील तर पेल्यात थोडे पाणी घेऊन जुडी फुलासारखी उभी करावी आणि वरून पिशवी सैल झाकावी. मुळे नसतील तर कोरड्या सुती कापडात किंवा कागदात गुंडाळून डब्यात ठेवावी. धुवायची ती वाटायच्या आधी. पालेभाजीत, विशेषतः पावसाळ्यात, माती पुष्कळ असते. पसरट पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाने बुडवायची, हाताने हलवायची, थोडे थांबायचे आणि पाने वरच्या वर उचलून घ्यायची. पातेले चाळणीत उपडे केले की तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. पाणी दोन-तीन वेळा बदलून तळ स्वच्छ दिसू लागला की पाने कापडावर पसरून टिपून घ्यावीत. पानांवर राहिलेले पाणी वाटण पातळ करते आणि मग ते माशाला चिकटत नाही. कोथिंबिरीचे कोवळे देठ टाकू नयेत, पानांइतकाच स्वाद त्यांत असतो. पुदिन्याचे देठ मात्र काढून टाकावेत.

अर्धा किलो पापलेट, सुरमई किंवा रावस यांच्यासाठी साधारण प्रमाण असे: निवडलेली कोथिंबीर कोवळ्या देठांसकट दोन मोठ्या वाट्या दाबून, पुदिन्याची दहा-बारा पाने, चार-पाच हिरव्या मिरच्या, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, अर्धी वाटी ओले खोबरे, अर्धा चमचा जिरे, मीठ, आणि शेवटी एका लिंबाचा रस. पात्रानी मच्छीच्या वळणावर जायचे असेल तर चमचाभर साखर आणि थोडे जास्त खोबरे. आगरी-कोळी वळणाचे हवे असेल तर खोबरे आणि पुदिना दोन्ही गाळून लसूण दीडपट करावा.

वाटण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लसूण, आले, मिरची, जिरे, मीठ आणि खोबरे बारीक करावे. मग कोथिंबिरीचे देठ. पाने सगळ्यांत शेवटी. पाट्यावर वाटताना हा क्रम आपोआप पाळला जातो, कारण पाने आधी टाकली तर ती वरवंट्याखालून निसटतात. मिक्सरमध्ये मात्र सगळे एकदम कोंबण्याचा मोह होतो आणि पाने विनाकारण दोन-तीन मिनिटे फिरत राहतात. भांडे तापते, हवा मिसळते, तुटलेल्या पेशींतली विकरे कामाला लागतात आणि वाटण काळपट पडते. थांबून थांबून, पाच-सात सेकंदांच्या फेऱ्यांनी फिरवावे, पाणी लागलेच तर फ्रीजमधले गार, तेही चमच्याने. पाट्यावर पाने चिरडली जातात, मिक्सरच्या पात्यांनी चिरली जातात. चिरडलेल्या पानातला रस खोबऱ्याच्या स्निग्ध भागात मुरतो, आणि कोथिंबीर-पुदिन्याची सुगंधी द्रव्ये तेलात चांगली विरघळणारी असल्यामुळे तिथेच टिकून राहतात. पाटा घरात नसेल तर खोबरे मिक्सरमध्ये आधी अगदी लोण्यासारखे वाटून घेतल्याने या गुणाचा बराच भाग साधता येतो.

रंग टिकवण्याचे शास्त्र थोडक्यात असे आहे. पानातल्या हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. आंबट पदार्थ आणि उष्णता एकत्र आली की हे मॅग्नेशियम निसटते, त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि हिरव्या रंगाचा शेवाळी-तपकिरी होतो. म्हणजे लिंबू आणि आच यांची भेट जितकी उशिरा घडवावी तितका रंग चांगला. लिंबाचा रस वाटणात नंतर, मासा शिजायला ठेवायच्या अगदी आधी किंवा वाढताना पिळावा. रंग राहावा म्हणून काही जण चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. रंग राहतो खरा, पण पानांचा गर लगदा होतो आणि साबणी चव येते. त्यापेक्षा पाने उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकण्याची हॉटेलांतली रीत बरी. तिने काळे पाडणारी विकरे निकामी होतात. मात्र सुगंधही थोडा जातो, म्हणून शिजलेल्या माशावर वरून ओतायच्या गार सॉससाठीच ती वापरावी आणि निम्मी पाने कच्चीच ठेवावीत.

वाटणाइतकाच मासा ताजा हवा, हे सांगण्याचे कारण निव्वळ चवीचे नाही. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे गंधहीन द्रव्य असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो मुख्यतः याचाच. लिंबू, कोकम, चिंच यांतले आम्ल या द्रव्याला अशा रूपात बांधते की ते हवेत उडत नाही. मासे धुऊन हळद, मीठ आणि कोकमाचे आगळ लावून ठेवण्याच्या जुन्या रीतीमागे हेच रसायन आहे. पण वास गेला म्हणजे दोष गेला असे नव्हे. बांगडा, तारली, कुपा अशा माशांना बर्फ नीट मिळाला नाही तर त्यांत हिस्टामिन तयार होते, ते शिजवल्याने नाहीसे होत नाही, आणि खाल्ल्यावर अंगावर पुरळ, डोकेदुखी, उलट्या असा त्रास होऊ शकतो. कितीही झणझणीत वाटण त्यावर उपाय नाही. कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे, असाच मासा घ्यावा. गोड्या पाण्यातल्या माशाला येणारा मातकट वास जिओस्मिन या वेगळ्या द्रव्याचा असतो. तोही आंबटाने कमी होतो, म्हणून रोहू-कटल्याला हे वाटण लावताना लिंबाचा हात सैल सोडावा.

हळद-मीठ-लिंबू लावून मासा दहा-पंधरा मिनिटेच ठेवावा. आम्लाने माशातली प्रथिने शिजवल्यासारखी घट्ट होऊ लागतात आणि तासभर ठेवलेली पापलेटाची तुकडी शिजल्यावर कोरडी, भुसभुशीत लागते. सुटलेले पाणी ओतून द्यावे, तुकड्या टिपाव्यात आणि मग वाटण लावावे.

शिजवण्याच्या पद्धतींत पानातली वाफ या वाटणाला सर्वांत जास्त न्याय देते. केळीच्या पानाची मधली शीर काढून पान विस्तवावरून झरझर फिरवायचे. त्याचा मंद हिरवा रंग चकाकता गडद होत जातो आणि ताठ पान कापडासारखे मऊ पडते. असे पान दुमडताना चिरत नाही. त्याला तेलाचे बोट लावून तुकडीच्या दोन्ही बाजूंना वाटणाचा जाड थर द्यायचा, पुडी बांधायची आणि मोदकपात्रात उकड द्यायची. बोटभर जाडीच्या तुकडीला आठ-दहा मिनिटे पुरतात, अख्ख्या मध्यम पापलेटाला पंधरा. माशाची प्रथिने पन्नास ते साठ अंश सेल्सिअसच्या दरम्यानच घट्ट होतात, त्यापुढचे प्रत्येक मिनिट रस घालवते. पुडीत वाफ कोंडलेली राहते, वाटण जळत नाही, उडणारा सुगंध पानातच अडकतो आणि पुडी ताटात उघडली की सगळा एकदम बाहेर येतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ज्याला राज्य मासा म्हणून मान दिला ते रुपेरी पापलेट या पद्धतीत जसे खुलते तसे तळून खुलत नाही. तळलेले पापलेट वाईट असते असे नाही, पण हिरवे वाटण लावायचे तर वाफच द्यावी.

तव्यावर हे वाटण करपते. खोबऱ्यातली साखर आणि पानांचा चोथा तेलात आधी काळा होतो आणि मासा आत कच्चा राहतो. तळायचेच असेल तर खोबरे वगळून वाटण घट्ट ठेवावे, पातळ थर द्यावा, वरून तांदळाचे पीठ किंवा रवा लावावा आणि मध्यम आचेवर, कमी तेलात परतावे. बोंबलांसारख्या पाणीदार माशाला तळण्यापेक्षा भुजणे बरे. मासा स्वतःचेच पाणी सोडतो, त्या पाण्यात कोथिंबीर-लसूण शिजतात, आणि ढवळायचे नसल्यामुळे तुकड्या मोडत नाहीत. पातेले दोन्ही कानांना धरून नुसते हिंदकळवायचे.

कालवणासाठी तेलात लसूण परतून वाटण घालावे आणि कच्चा वास जाईपर्यंतच परतावे, तेल सुटेपर्यंत नव्हे. तेल सुटण्याची खूण लाल वाटणाची, हिरवे तोवर तपकिरी होऊन जाते. मग पाणी किंवा नारळाचे दूध घालून उकळी आली की मासा सोडावा. कोकम, कैरी, बिंबले किंवा अंबाडे यांतले जे ऋतूत असेल ते शेवटच्या दोन-तीन मिनिटांत. उतरवल्यावर चमचाभर कच्चे वाटण बाजूला ठेवलेले असेल तर ते वरून मिसळावे. शिजण्यात उडून गेलेला वास त्याने परत येतो.

हिरव्या पानांचा आणि माशाचा हा मेळ जगात इतरत्रही आहे. मोरोक्कोत कोथिंबीर, पार्स्ली, लसूण, जिरे, लिंबू आणि ऑलिव्ह तेल यांचे शर्मुला माशाला लावतात. मराठी माणसाला ती चव चटकन ओळखीची वाटेल. इटलीत पार्स्लीच्या हिरव्या सॉसमध्ये खारवलेल्या छोट्या माशांचे तुकडेच वाटतात. आपल्याला सर्वांत जास्त विचार करायला लावणारे उदाहरण मात्र शेपूचे आहे. स्वीडनमध्ये मीठ-साखरेत मुरवलेल्या सामन माशाबरोबर शेपू-मोहरीचा सॉस असतो आणि हनोईत हळद लावलेला मासा मूठमूठ शेपूबरोबर तव्यावर परततात. महाराष्ट्रात थंडीत शेपूच्या जुड्यांचे ढीग लागतात, पण ती मुगाच्या डाळीबरोबर भाजीतच जाते. कोथिंबिरीत पाव हिस्सा शेपूची कोवळी पाने घालून केलेले वाटण रावसाला किंवा सुरमईला उत्तम लागते. खोबरे कमी आणि लिंबू थोडे जास्त, एवढाच बदल पुरतो.

वाटण उरलेच तर काचेच्या बाटलीत दाबून भरावे, वरून तेलाचा पातळ थर द्यावा आणि फ्रीजमध्ये दोन दिवसांत संपवावे. खोबरे घातलेले वाटण त्याआधीच आंबू लागते, ते दुसऱ्या दिवशीच्या पलीकडे ठेवू नये. थंडीतल्या स्वस्त कोथिंबिरीची बेगमी करायची असेल तर खोबरे आणि लिंबू न घालता, थोड्या तेलात वाटून बर्फाच्या साच्यात गोठवावे आणि गोठलेल्या वड्या पिशवीत भरून ठेवाव्यात. या वड्या कालवणाला चांगल्या चालतात. पानातल्या पुडीसाठी त्या वितळल्यावर पाणी सोडतात, म्हणून तिथे ताजीच जुडी आणावी.